उद्याचा रस्ता आणि आजचा ड्रायव्हर



वसंत ऋतूत संध्याकाळी एकत्र जमून चार विचार ऐकावयाचे, ही चाल न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात घातली आणि पुढे ती महाराष्ट्रात गावोगाव पसरली. अशा व्यासपीठावर प्राध्यापकांनी, संपादकांनी, शास्त्रज्ञांनी बोलावयाचे असते. आमच्यासारख्या सातवी पास माणसास येथे उभे करण्याचे धाडस चालकांनी केले आहे. त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत की त्यांची कीव करावी, हे तासाभराने आपणच ठरवावे.

आमचे शिक्षण रस्त्यावर झाले. पंधराव्या वर्षी आम्ही ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. घाटात गाडी दम टाकून थांबली की खाली उडी मारून मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सारावयाचा, हा आमचा पहिला धडा. खंबाटकीच्या चढावर असे किती ठोकळे सारले याचा हिशेब नाही. पुढे बारा वर्षे गाडी चालविली आणि मग संघटनेच्या कामात पडलो. वाचनाची गोडी उशिरा लागली. संघटनेची खोली वाचनालयाच्या शेजारी होती, एवढेच त्याचे कारण. तेव्हा आज जे सांगणार आहोत त्यातले अर्धे पाहिलेले आहे आणि अर्धे वाचलेले आहे.

विषय चालकांनी दिला आहे : नव्या यंत्रविद्येमुळे उद्याची रस्त्यावरची वाहतूक कशी होईल? या विषयावर बोलण्याचे आमच्यापुरते निमित्त मात्र निराळे आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास आमचा एक जुना सभासद संघटनेच्या खोलीत येऊन बसला. पंचवीस वर्षे ट्रक चालविणारा माणूस. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, आणि उठता उठता तो म्हणाला, “अण्णा, पोरगं बारावी झालंया. गाडीवर घालू का? का म्होरं गाड्या आपल्या आपण पळणार, आन् ह्यो बसणार हात चोळत?”

आम्ही त्याला त्या दिवशी उत्तर दिले नाही. “विचार करून सांगतो” म्हणालो. पुढाऱ्याने असे म्हटले म्हणजे त्याला उत्तर ठाऊक नाही असे समजावे. आजचे भाषण हा त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

नवे यंत्र आले म्हणजे प्रथम काय होते, हे पाहण्यासाठी आपण थोडे मागे जाऊ. ९ मे १८७४ रोजी मुंबईत ट्राम सुरू झाली. ती घोडे ओढीत. घोड्यांसाठी तबेले, तबेल्यांसाठी मोतद्दार, नाल ठोकणारे नालबंद, दाणावैरण आणणारे गाडीवान, असा एक संसारच त्या ट्रामवर पोसला जात होता. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली आणि तो संसार मोडला. घोड्यांचे हाल संपले, हे चांगलेच झाले. मोतद्दारांचे पुढे काय झाले, हे मात्र आम्ही पुष्कळ शोधूनही कोठे लिहिलेले सापडले नाही. घोडे किती होते याची दप्तरे सापडतात. माणसांची सापडत नाहीत. पुढे ३१ मार्च १९६४ रोजी विजेची ट्रामही बंद झाली आणि तिची जागा पुरती बसने घेतली. म्हणजे नव्वद वर्षांत एकाच रस्त्यावर तीन यंत्रे येऊन गेली. उतारू तेच, जाण्यायेण्याची गरजही तीच. धंद्यांची नावे तेवढी बदलत गेली.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. यंत्राला कायमचे अडवून धरणे कोणाला साधलेले नाही, ही पहिली. आणि यंत्र येताना जुन्या कामगाराची व्यवस्था आपोआप लावीत नाही. ती कोणीतरी मुद्दाम लावावी लागते, ही दुसरी.

आता आजच्या यंत्रांकडे वळू. ती तीन प्रकारची आहेत. एक गाडीला ओढणारे यंत्र, दुसरे गाडीवर नजर ठेवणारे यंत्र, आणि तिसरे ड्रायव्हरच्या जागी बसू पाहणारे यंत्र.

पहिले यंत्र म्हणजे विजेची मोटार. आपल्या एस.टी.ची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच रस्त्यावर एस.टी.ची ‘शिवाई’ ही विजेची बस धावली. त्या गावाचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. गाडीचे पोट त्याहूनही बदलले आहे. डिझेलच्या एंजिनात शंभर रुपयांचे तेल घातले तर त्यातले फार तर चाळीस रुपये कामाला लागतात. बाकीचे उष्णता होऊन धुराड्यातून आणि रेडिएटरमधून उडून जातात. विजेच्या मोटारीत बॅटरीतून निघालेल्या शंभर भागांपैकी ऐंशीहून अधिक भाग चाकापर्यंत पोहोचतो. आणखी एक गंमत आहे. घाट उतरताना आम्ही ब्रेक दाबीत असू तेव्हा लायनर तापून जळल्याचा वास येई. चढताना कमावलेली सारी शक्ती त्या वासात जाई. विजेच्या गाडीत उतारावर मोटारच उलट काम करू लागते, वीज तयार करते आणि बॅटरीत परत भरते. ज्याने खंबाटकी उतरताना जीव मुठीत धरला आहे, त्यालाच या शोधाचे मोल कळेल.

अर्थात ही वीज आकाशातून पडत नाही. आपल्याकडे तिचा मोठा भाग अजून चंद्रपूर-कोराडीसारख्या ठिकाणी दगडी कोळसा जाळूनच होतो. पण स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर धूर येत नाही, ही गोष्ट लहान नाही. ज्यांनी तीस तीस वर्षे डेपोत धूर गिळला, त्या आमच्या माणसांचा खोकला आम्ही ऐकला आहे.

मग या गाडीवर आमचा राग आहे काय? मुळीच नाही. आमचे म्हणणे दोन बाबतींत आहे. पहिली बाब मेकॅनिकची. विजेच्या गाडीत क्लच नाही, डिझेल पंप नाही, नोझल नाही, ऑइल बदलणे नाही. हातात पाना धरून नुसत्या आवाजावरून एंजिनाचे दुखणे ओळखणारा जो कारागीर आहे, त्याचा कान या गाडीपुढे निकामी ठरतो, कारण ही गाडी आवाजच करीत नाही. तिच्यात पाचशे-सहाशे व्होल्टचा दाब असतो. न शिकता हात घातला तर माणूस जागीच जाईल. तेव्हा त्याला शिकविले पाहिजे, आणि गाडी येण्याच्या आधी शिकविले पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

दुसरी बाब कंत्राटाची. विजेच्या बसगाड्या आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सार्वजनिक संस्थेने विकत घेतलेल्या नाहीत. गाडी कंत्राटदाराची, दुरुस्ती त्याची, ड्रायव्हरही त्याचा. संस्थेने त्याला दर किलोमीटरमागे ठरलेली रक्कम द्यावयाची. या गाड्या महाग आहेत, एकदम पैसा उभा करणे संस्थांना जड जाते, म्हणून ही रीत निघाली, हे आम्ही समजू शकतो. परंतु त्यातून असे झाले की, एकाच डेपोत दोन ड्रायव्हर शेजारी शेजारी गाडी लावतात. रस्ता एक, उतारू एक, जोखीम एक, आणि पगार व पेन्शन यांत जमीनअस्मानाचे अंतर. लोक म्हणतात, नवे यंत्र आले म्हणून असे झाले. आम्ही विचारतो, मोटार विजेवर चालते म्हणून ड्रायव्हर कंत्राटी झाला पाहिजे, असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? बॅटरीला काय कळते की आपल्या पुढे बसलेला माणूस कायम आहे की हंगामी? हा निर्णय माणसांनी घेतला आहे. यंत्राच्या आडून घेतला, म्हणून तो कोणाच्या लक्षात आला नाही इतकेच.

आता दुसरे यंत्र : नजर ठेवणारे. याविषयी बोलताना आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. ती या विषयापेक्षा मोठी आहे, पण तिच्यावाचून पुढचे सांगता येणार नाही.

आज मालवाहू गाडीत एक पेटी बसविलेली असते. गाडी कोठे आहे, किती वेगाने चालली आहे, किती वेळ थांबली, हे ती पेटी उपग्रहाच्या साहाय्याने दर घडीला मालकाच्या कचेरीत कळविते. आमच्या भागात या पेट्या २०१४ च्या सुमारास येऊ लागल्या. ड्रायव्हर चिडले. रात्री रस्त्याच्या कडेला डोळा लागला की फोन येई, “गाडी का थांबली?” अर्धा तास जास्त झाला की हिशेबातून पैसे कापले जात. आमच्याकडे तक्रारी आल्या. आम्ही सभा घेतली नाही, ठराव केला नाही. कानोकान सांगितले की, पेटीची तार काढून ठेवा, विचारले तर म्हणा खड्ड्यांनी निघाली. त्या वेळी आम्हांला वाटले की आपण मोठी शक्कल काढली.

२०१६ च्या पावसाळ्यात आमचा एक सभासद बंगळूरहून माल भरून निघाला. सकाळी अकराला स्टिअरिंगवर बसला, तो दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निपाणीजवळ होता. वाटेत जेवणाला आणि एका टायरला लागला तेवढाच खंड. झोप नाही. मालाला सकाळी पोहोचावयाचे होते आणि उशिराला दंड होता. पहाटे त्याचा डोळा लागला आणि गाडी पुढे उभ्या असलेल्या ट्रकवर गेली. बरोबरचा क्लीनर एकोणीस वर्षांचा होता. तो गेला.

चौकशीत ड्रायव्हर म्हणाला, मी अठरा तास गाडीवर होतो, मला थांबू दिले नाही. मालकाच्या कचेरीने सांगितले की, त्याला हुबळीला रात्रीची विश्रांती घेण्यास सांगितले होते आणि त्याने ती घेतली असली पाहिजे. खरे कोण, हे सांगणारा एकच साक्षीदार होता, आणि तो म्हणजे ती पेटी. पेटीची नोंद मागविली तेव्हा तुमकुरापासून पुढे काहीच नव्हते. तार काढलेली होती.

ती तार त्याने आमच्या सांगण्यावरून काढली होती.

शिक्षा त्याला झाली. लायसन्स गेले. आज तो एका गोदामावर रात्रीची राखण करतो. त्याने आम्हांला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते. त्या पोराच्या आईला आम्ही भेटावयास गेलो होतो. ती माउली आम्हांलाच म्हणाली, “तुम्ही एवढं लांब आलात, पाणी तरी घ्या.” त्या पाण्याचा घोट अजून आमच्या घशाखाली उतरलेला नाही.

त्यानंतर आम्ही या यंत्राविषयी वाचावयास लागलो. तेव्हा कळले की आम्ही केलेली चूक जगात आमच्या आधी पुष्कळांनी केली होती. युरोपात ट्रकमध्ये टॅकोग्राफ नावाचे एक घड्याळवजा यंत्र असते. ड्रायव्हरने किती तास गाडी चालविली आणि किती विश्रांती घेतली, याची ते नोंद ठेवते. १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या ड्रायव्हरांनी त्याला ‘केबिनमधला हेर’ असे नाव ठेवले होते आणि त्यांच्या संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला होता. इतका की, ब्रिटनने ते यंत्र सक्तीचे केले नाही म्हणून १९७९ साली युरोपीय न्यायालयाला त्या देशाविरुद्ध निर्णय द्यावा लागला. आज तोच हेर ड्रायव्हरचा साक्षीदार झाला आहे. तेथे नियम असा आहे की, साडेचार तास गाडी चालविली की पंचेचाळीस मिनिटे विश्रांती. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदाच फार तर दहा. मालकाने जास्त राबविले तर यंत्र बोलते. आणि महत्त्वाचे असे की, नोंदीचे एक कार्ड ड्रायव्हरच्या नावाचे असते व ते त्याच्याच खिशात असते.

आपल्याकडे नियम नव्हता असे नाही. १९६१ साली केंद्राने मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा केला. त्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घातली होती, आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगितली होती. तो कायदा पुढे २०२० च्या संहितेत सामावला गेला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. म्हणजे साठांहून अधिक वर्षे कागदावर आठ तासच होते. रस्त्यावर ते कोठे गेले? ते मोजणारे कोणी नव्हते, हे त्याचे उत्तर. आता मोजणारे यंत्र गाडीत येऊन बसले आहे, आणि तरीही ते आठ तास मोजण्यासाठी वापरले जात नाही; गाडी थांबली किती वेळ, एवढेच मोजण्यासाठी वापरले जाते. तराजू तोच, पण एकाच पारड्यात माप टाकावयाचे अशी ही तऱ्हा आहे.

म्हणून आज आम्ही सभासदांना तार काढावयास सांगत नाही. आम्ही सांगतो, नोंद मागा. गाडीची जी नोंद मालकाच्या कचेरीत जाते तिची प्रत ड्रायव्हरच्या हाती आली पाहिजे; अपघात झाल्यास ती पुसली जाता कामा नये; आणि विश्रांतीची मर्यादा ओलांडली तर फोन ड्रायव्हरला न येता कामगार खात्याला गेला पाहिजे. ही मागणी सुचावयास आम्हांला एका पोराचा जीव मोजावा लागला.

आता तिसरे यंत्र, ज्याच्यामुळे आमच्या सभासदाला दिवाळीत झोप लागली नाही. ड्रायव्हरवाचून चालणारी गाडी. ती खरोखर येणार काय?

या प्रश्नावर दोन टोकांची माणसे भेटतात. एक म्हणतात, उद्याच येणार. दुसरे हसून म्हणतात, आपल्या रस्त्यांवर? म्हशी, वराती, उलट्या बाजूने येणारे ट्रॅक्टर, यांतून यंत्र गाडी काढील काय? आम्हांला ही दोन्ही उत्तरे घाईची वाटतात. २००४ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मोहावीच्या वाळवंटात विनाड्रायव्हर गाड्यांची शर्यत लावली. एकही गाडी शेवटास पोहोचली नाही. सर्वांत पुढे गेलेली गाडी बारा किलोमीटरांच्या आसपास अडकली. लोक हसले. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी दोनशेहून अधिक किलोमीटरांचा पल्ला पुरा केला. २०२० पासून फिनिक्स शहरात आतमध्ये कोणीही ड्रायव्हर नसलेल्या टॅक्सीत सामान्य माणसे बसू लागली. २०२५ साली टेक्सासमध्ये डलास ते ह्यूस्टन या मार्गावर एका कंपनीने विनाड्रायव्हर मालट्रक सुरू केला. तेव्हा हसण्यात शहाणपण नाही.

पण गोष्टीचा उत्तरार्धही ऐका. त्या टेक्सासच्या ट्रकमध्ये थोड्याच दिवसांत पुढच्या आसनावर पुन्हा माणूस बसविण्यात आला, कारण ट्रक बनविणाऱ्या कारखान्याने तसा आग्रह धरला. स्टिअरिंगला हात लावावयाचा नाही, पण बसावयाचे. यंत्र करणाऱ्यांनाही अजून शेजारी माणूस असल्यावाचून चैन पडत नाही, असा आम्ही याचा अर्थ करतो. आमचा तर्क असा आहे की, हे यंत्र प्रथम कुंपणाच्या आत येईल : खाणीत, बंदरात, गोदामांच्या आवारात. मग कडेने बंद असलेल्या द्रुतगती मार्गांवर येईल. घाट, बाजारपेठ आणि गावचा रस्ता यांना ते सर्वांत शेवटी हात घालील. तेथवर किती वर्षे लागतील हे छातीठोक सांगणारा माणूस आम्हांला अजून भेटलेला नाही, आणि भेटला तर आम्ही त्याच्यापासून दूर राहू.

मात्र एक प्रश्न आजच विचारला पाहिजे : चूक झाली तर जबाबदार कोण? १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेत टेम्पी या गावी, परीक्षेसाठी रस्त्यावर सोडलेल्या एका स्वयंचलित मोटारीने, सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना ठोकरले. त्या दगावल्या. चौकशीत निघाले की, धडकेच्या पाच सेकंदांहून आधी यंत्राला समोर काहीतरी असल्याचे समजले होते, पण ते माणूस आहे हे त्याला ओळखता आले नाही. आणि गाडीतला मूळचा आपोआप ब्रेक लावणारा बंदोबस्त कंपनीने परीक्षेपुरता बंद ठेवला होता. आसनावर देखरेखीसाठी नेमलेली नोकरदार होती, आणि तिची नजर फोनकडे होती. पुढे काय झाले? कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही असे २०१९ साली सरकारी वकिलांनी सांगितले. खटला झाला तो त्या नोकरदारावर, आणि २०२३ साली तिने गुन्हा कबूल केल्यावर तिला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. तिची चूक नव्हती असे आम्ही म्हणत नाही. पण तासन् तास काहीही न करता सावध राहण्याचे काम माणसाला साधत नाही, हे रात्री रिकामा रस्ता हाकलेल्या कोणत्याही ड्रायव्हरला विचारा. यंत्राचे श्रेय कंपनीला आणि यंत्राचे पाप नोकराला, अशी वाटणी जर पडणार असेल तर उद्याचा ड्रायव्हर हा सारथी नसून केवळ आरोपी म्हणून गाडीत बसविलेला असेल.

येथे कोणी विचारील, तुम्ही संघटनावाले नेहमी भीतीच दाखविता. यंत्र आणि कामगार यांचे जमल्याचे एखादे उदाहरण आहे काय? आहे. मालकॉम मॅक्लीन नावाच्या एका अमेरिकन ट्रकमालकाच्या डोक्यात आले की, ट्रकमधला माल जहाजात एकेक नग चढविण्यापेक्षा मालाची पेटीच उचलून जहाजावर ठेवावी. २६ एप्रिल १९५६ रोजी अठ्ठावन्न पेट्या घेऊन त्याचे पहिले जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. आज आपल्या रस्त्यांवर न्हावाशेव्याकडे जाणारे जे लांबलचक कंटेनर दिसतात, त्यांचा जन्म तो. या यंत्राने गोदीतील हमालांचे काम जाणार हे उघड होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांच्या संघटनेने, हॅरी ब्रिजेस यांच्या पुढारीपणाखाली, १९६० साली मालकांशी करार केला. यंत्रे आणा, आम्ही अडविणार नाही. पण होणाऱ्या फायद्यातून दरसाल पन्नास लाख डॉलर कामगारांच्या निधीत भरा, कायम कामगारांपैकी कोणाला काढू नका, आणि वय झालेल्यांना आधी निवृत्त होता येऊ द्या. मालकांनी ते मान्य केले. या करारालाही एक उणेपण होते : ज्यांची नावे कायम कामगारांच्या यादीत नव्हती त्यांना त्याचे छत्र मिळाले नाही. हे उणेपण आपण विसरता कामा नये, कारण आपल्या रस्त्यावरचे बहुसंख्य ड्रायव्हर कोणाच्याच यादीत नसतात.

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे श्रोत्यांविषयी. मालक वाईट आणि कामगार चांगला असे सांगून टाळ्या मिळवणे सोपे आहे. आम्ही तरुणपणी मिळविल्या आहेत. पण त्या अठरा तासांच्या मागे उशिराचा दंड होता, त्या दंडाच्या मागे दुकानदाराची घाई होती, आणि त्या घाईच्या मागे आपण आहोत. आपण आज रात्री फोनवर वस्तू मागवितो आणि उद्या सकाळी ती दारात हवी असते. शहरात तर दहा मिनिटांत भाजी पोहोचविण्याची चढाओढ लागली. घोडे मेले ओझ्याने आणि शिंगरू मेले येरझाऱ्यांनी, अशी आपली म्हण आहे. ट्रकवाला ओझ्याने मरतो, आणि मोटारसायकलवरचा तो पोरगा येरझाऱ्यांनी. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, असे सरकारी आकडे सांगतात. एखादे मध्यम शहरच दरवर्षी नकाशावरून पुसून टाकावे, तसे हे आहे. हे कमी करण्यास यंत्र मदत करील तर आम्ही त्या यंत्राच्या गळ्यात हार घालू. पण झोपलेल्या ड्रायव्हरला शिट्टी वाजवून उठविणारे यंत्र बसविण्याआधी, त्याला झोपू देणे हा स्वस्त उपाय आहे. ट्रकच्या केबिनला थंड हवेची सोय सक्तीची व्हावयास आपल्या देशात २०२५ साल उजाडावे लागले, आणि तीही नव्या गाड्यांपुरती. आकाशातल्या उपग्रहाशी बोलणारी पेटी केबिनमध्ये आधी आली, गार वारा मागाहून. कोणते यंत्र कोणासाठी आधी येते, यावरून समाजाचे मन ओळखावे.

तेव्हा आमचे मागणे थोडक्यात सांगतो. विजेची गाडी येण्याआधी जुन्या मेकॅनिकला मालकाच्या खर्चाने आणि भरपगारी रजेवर नवे काम शिकवावे. गाडीच्या नोंदीवर मालकाइतकाच ड्रायव्हरचा हक्क असावा. यंत्रामुळे जे पैसे वाचतील त्यातला वाटा कामाचे तास कमी करण्याकडे आणि रस्त्याच्या कडेला पाणी, न्हाणी व पाठ टेकावयास जागा असलेली विश्रांतिस्थाने बांधण्याकडे जावा. आणि विनाड्रायव्हर गाडीने अपघात केला तर ज्याने ती बनविली व ज्याने ती रस्त्यावर सोडली, त्याने आधी उत्तर द्यावे.

शेवटी दिवाळीतल्या त्या प्रश्नाकडे येतो. परवा आम्ही त्या सभासदाच्या घरी जाऊन उत्तर दिले. त्याला सांगितले, “पोराला गाडीवर घाल. तुझ्या त्याच्या काळातला रस्ता माणसावाचून चालणार नाही. पण नुसते स्टिअरिंग शिकवू नकोस. त्याला आय.टी.आय.मध्ये विजेचे काम शिकू दे. नोंदीचा कागद वाचावयास शिकू दे. आणि पहिल्याच महिन्यात संघटनेचे कार्ड काढ.”

तो हसला. म्हणाला, “अण्णा, शेवटाला वर्गणीवरच आलासा.”

पोरगा कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. त्याने एकच विचारले, “त्या पेटीची तार काढायची का नाही?” बापाने आमच्याकडे पाहिले. त्या मेलेल्या क्लीनरची गोष्ट त्यालाही ठाऊक होती. आम्ही म्हणालो, “नाही, बाळ. तार राहू दे. रात्री बारा वाजता गाडी बाजूला घे आणि झोप. आणि फोन आला तर सांग, पेटीत बघा, मी किती तास चालवतोय ते.”

श्रोतेहो, असा फोन त्याला एके दिवशी येईल. त्या वेळी तो एकटा असेल, नोकरी नवी असेल, रस्ता काळोखाचा असेल. त्याने हे उत्तर दिले तर त्याच्या मागे कायदा, संघटना आणि उशीर सोसणारी आपल्यासारखी माणसे उभी राहिली पाहिजेत. आपला माल एक दिवस उशिरा आला तर कृपा करून दुकानदाराशी भांडू नका. कोठेतरी कोणी झोपले असेल, असे समजा.